मुंबईत एकट्याने जेवायला कुठे जाता?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात नाशिकहून मुंबईला बदली झाली. ऑफिस फोर्टला, राहते दादर पूर्वेला पीजीत आणि पीजीत गॅस वापरायला बंदी, मॅगी केली तरी मावशी वास घेत दारात येऊन उभ्या राहतात. म्हणजे दोन्ही वेळचं बाहेर. डबा लावून बघितला, तिसऱ्या दिवशी सोमवारचीच भाजी नवीन नाव घेऊन आली, बंद केला.

तर प्रश्न असा की मुंबईत कुठे खावं याच्या याद्या नेटवर ढिगाने आहेत, पण सगळ्या चार मित्र घेऊन जाणाऱ्यांसाठी. मी एकटी असते. परवा एका मॉलमधल्या नव्या हॉटेलात गेले (नाव नाही लिहीत), दारातल्या मुलीने आधी माझ्या मागे कोणी आहे का बघितलं मग "ओन्ली वन?" विचारलं आणि टॉयलेटच्या दाराला लागून असलेलं टेबल दिलं. अर्धा हॉल रिकामा होता हो. डाळ मागवली तर ती तिघांना पुरेल एवढी, उरलेली बांधून घेतली आणि पीजीत फ्रीज नाही हे लोकलमध्ये आठवलं.

एकट्या बाईने जाऊन निवांत बसावं, कोणी टकामका बघू नये, एका माणसाला पुरेल एवढं मिळावं आणि चव असावी. रोजचं नको, रोजचं मी भागवते कसंतरी. आठवड्यातून एक-दोनदा जायला सुचवा. नॉनव्हेज चालतं. धन्यवाद.

दादरकर_जुना
दादरला राहता आणि हा प्रश्न विचारता? पूल ओलांडून पश्चिमेला या फक्त. स्टेशनच्या बाहेरच मामा काणे, १९१० सालचं आहे, बटाटेवडा खा. पुढे शिवसेना भवनाच्या बाजूला आलात की आस्वाद आणि प्रकाश. आस्वादला थालीपीठ, प्रकाशला साबुदाणा वडा आणि पियूष. साबुदाणा वड्यासोबत जी गोडसर चटणी येते ती पुन्हा मागायला लाजू नका. एकटं असण्याचा उलट फायदा आहे, रविवारी सकाळी चारचं कुटुंब अर्धा तास ताटकळत असतं आणि एकटा माणूस कुठल्याही टेबलाच्या उरलेल्या खुर्चीत घुसतो. चाळीस वर्षं घुसतोय.

झणझणीत
आस्वादची मिसळ मात्र नको. गोड असते.

दादरकर_जुना
त्याच मिसळीला २०१५ साली लंडनच्या फूडी हबने जगातला सर्वात चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून निवडलं होतं. माहितीसाठी.

झणझणीत
लंडनवाल्यांना काय विचारता मिसळीचं? ठाण्याला मामलेदारला जा, तहसीलदार कचेरीच्या दारातली म्हणून मामलेदार, १९५२ पासून चालू आहे. मिडियम मागवा. तिखट मागवायची असेल तर दुसऱ्या दिवशीची रजा आधी टाका.

गोदाकाठ
अहो मी नाशिकची आहे, मिसळीवरून मुंबईत कोणाशी वाद घालणार नाही, कारण दोन्ही बाजू चूक आहेत 😄

बंड्या
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

माटुंग्याची_शुभा
गोदाकाठ, तू दादर पूर्वेला आहेस म्हणजे माटुंगा तुला चालत आहे गं. मी सत्तावीस वर्षं इथे राहते, लग्न होऊन आले तेव्हा मला सांबार म्हणजे पातळ आमटी वाटायची, आता नवरा माझ्या हातचं सांबार खाऊन अय्यर मैत्रिणीला पाठवतो.

तुझ्या प्रश्नाला माझं एकच उत्तर, रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग. माटुंगा मध्य रेल्वे स्टेशनच्या बाहेर, मार्केटच्या वरच्या मजल्यावर, १९४२ चं. नावातच बघ, बोर्डिंग आहे, हॉटेल नाही. जिना चढून गेलीस की आधी कूपन घ्यायचं, मग बाकावर बसायचं. तिथे बसलेले निम्मे लोक एकटे असतात, कोणी बँकेतला, कोणी कॉलेजचा, एखादे आजोबा हातात पिशवी घेऊन. जागा झाली की बोलावतात आणि जिथे खुर्ची रिकामी तिथे बसवतात, समोर कोण आहे ते बघायचं नाही. केळीच्या पानाचं जेवण घे, ताटवालं नको. पान समोर आलं की पाणी शिंपडून हाताने पुसून घ्यायचं, सगळे तेच करतात. मग बादल्या घेऊन माणसं फिरायला लागतात आणि तू मान वर करायच्या आत भाजी, कोशिंबीर, पापड पडलेला असतो. भात आला की ढिगाला मधे खळगा कर, नाहीतर रसम पानावरून सरळ तुझ्या ओढणीवर येतं, माझ्या आलंय. पहिला भात सांबाराला, दुसरा रसमला, शेवटचा दह्याला. नको असेल तेव्हा पानावर हात आडवा धरायचा, तोंडाने नको म्हणून कोणी ऐकत नाही.

वाढणारा तुला "एकट्याच का" असं कधी विचारणार नाही. सोमवारी बंद असतं, लक्षात ठेव.

गोदाकाठ
शुभाताई काय लिहिलंय! भूक लागली. याच आठवड्यात जाते.

इराणी_चहा
ऑफिस फोर्टला म्हणजे तुम्ही नशीबवान. मी सोळा वर्षं बॅलार्ड इस्टेटला नोकरी केली, त्यातली किती दुपार ब्रिटानियात गेली ते बायकोला सांगितलेलं नाही. ब्रिटानिया १९२३ चं, उंच छत, रंग उडालेल्या भिंती, पोलंडहून आलेल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या. फक्त दुपारी जेवण. बेरी पुलावासाठी जग जातं तिथे, ते आंबट लाल बेदाण्यासारखं असतं ना वर पसरलेलं ते झेरेश्क, इराणहून येतं. हा पुलाव त्यांच्याकडे आला मालक बोमन कोहिनूर यांच्या पत्नीमुळे, त्या इराणमध्ये नोकरीला होत्या. बोमनजी २०१९ साली गेले, ९७ वर्षांचे होते. शेवटपर्यंत टेबलाटेबलावर येऊन ऑर्डर घ्यायचे, इंग्लंडच्या राणीचं पत्र दाखवायचे. एकट्या गिऱ्हाइकापाशी जास्त वेळ थांबायचे कारण त्याला पळता येत नसे 😊

एकट्याला बेरी पुलाव जास्त होतो पण, हे खरं सांगतो. मटणाऐवजी व्हेज घेतला तरी डोंगर असतो. अर्धा पॅक करून ऑफिसात चार वाजता गार खायचा, मला तो गारच जास्त आवडतो. शेवटी कॅरॅमल कस्टर्ड सोडू नका.

पण एकट्याने बसायची खरी जागा म्हणजे कयानी. धोबीतलावला, मेट्रो सिनेमाच्या समोर, जेर महाल बिल्डिंग, १९०४ पासून. तिथे एकट्याला आख्खं टेबल मिळणारच नाही, कोणीतरी येऊन समोर बसणार. संगमरवरी टेबल, चौकटीची चादर, वर काच. खिमा पाव किंवा अकुरी (पारशी पद्धतीची अंडा भुर्जी), नाहीतर नुसतं ब्रून मस्का आणि चहा. ब्रून म्हणजे कडक पाव, तो चहात बुडवल्याशिवाय खाल्लात तर दात सांभाळा. मस्का चहावर तेलासारखा तरंगायला लागला की समजायचं बरोबर चाललंय. उशीर करून बसा, पुस्तक वाचा, कोणी उठवत नाही, अगदी गर्दीच्या वेळी वेटर दोनदा टेबल पुसून जातो तेवढंच. पुसलं की उठायचं.

बंड्या
मला एकदा तीनदा पुसून गेला. मी तिसऱ्यांदा पाय वर घेतले.

मिरामार
जेर महाल निघालाच आहे तर सांगतो, त्याच बिल्डिंगीत वरच्या मजल्यांवर गोंयकारांचे कुड आहेत. एकेका गावाचा एक कुड. बोटीवर जाणारे खलाशी, नोकरी शोधायला आलेले, सगळे आपापल्या गावाच्या कुडात पेटी ठेवून राहायचे, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोजारी (जपमाळ) म्हणायची, मग जेवण. माझे आजोबा बोट लागेपर्यंत दीड महिना राहिले होते. सकाळचा चहापाव खाली इराण्याकडे. म्हणजे वर एकटे गोंयकार आणि खाली एकटा इराणी, त्यांचं आपसात बरं जमायचं असं सांगायचे.

इराणी_चहा
हे माहीत नव्हतं. सोळा वर्षं त्या जिन्याकडे बघत चहा प्यायलो.

एडिसनवरून
वाचून गलबलून आलं. आम्ही जे.जे. ला होतो तेव्हा सगळा वेळ जहांगीर आर्ट गॅलरीतल्या समोवारमध्ये. लांब बोळासारखी जागा, एका बाजूला हिरवळ, एक चहा आणि एक पराठा घेऊन तीन तास. मुलगी डिसेंबरमध्ये येतेय, तिला आवर्जून पाठवणार.

इराणी_चहा
समोवार २०१५ च्या मार्चमध्ये बंद झालं हो. शेवटच्या दिवसांत रांग लागली होती.

एडिसनवरून
अरेरे. मग तिला सांगू कुठे जा म्हणून?

इराणी_चहा
कयानी. नाहीतर कुलाब्याला माँडेगर, भिंतींवर मारिओ मिरांडाची चित्रं आहेत, एकटं बसलं तरी बघायला माणसं भरपूर. पण आवाज फार. ग्रँट रोडला असेल तर स्टेशनसमोर मेरवान, १९१४ चं, मावा केक. चालू आहे का विचारून सकाळी लवकर जा म्हणावं, केक दिवसभर थांबत नाहीत. २०१४ साली बंद होणार अशी बातमी आली, लोकांनी रडून निरोप घेतला आणि ते पुन्हा उघडलं. मी पण निरोपाचे बारा केक घेतले होते, सगळे एकट्याने खाल्ले.

लालबागकर
बरेच दिवस नुसता वाचत होतो, लिहितो आज.

तुम्ही ज्याला एकट्याचं जेवण म्हणता ते आमच्या गिरणगावात वेगळ्या नावाने होतं, खाणावळ. माझे वडील राजापूरकडचे, स्पिनिंग खात्यात. लग्न झालेलं पण बायको मुलं गावाला. इथे गावकऱ्यांचा गाळा, एका खोलीत पंधरावीस माणसं, पाळ्या तीन असल्यामुळे एकाच वेळी कधी सगळी नसायची म्हणून मावायची. जेवायला चाळीतल्याच एका बाईकडे. तिचा नवरा पण गिरणीत. ती पंधरा माणसांचं दोन वेळचं करायची, पहिल्या पाळीला जाणाऱ्याचं पहाटे, तिसऱ्या पाळीहून येणाऱ्याचं सकाळी. महिन्याचे पैसे पगाराला, गावाला गेलं तर खाडे धरायचे, खाड्यांवरून भांडणं व्हायची आणि गणपतीत मिटायची. बुधवारी आणि रविवारी मटण नाहीतर मासे. आई गावाहून पहिल्यांदा आली तेव्हा वडिलांनी तिला सांगितलं की मावशीसारखी आमटी कर, मग काय झालं ते लिहीत नाही.

या बाया वाण्याकडून उधारीवर सामान उचलायच्या, सावकाराचं व्याज भरायच्या. त्यांच्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेची कर्जं मिळवून दिली. ज्या बाईला स्वतःची सही येत नव्हती ती बँकेत जाऊन कर्ज घ्यायला लागली. मग १९८२ चा गिरणी संप. जानेवारीत सुरू झाला आणि संपला असं कोणी कधी सांगितलंच नाही. खाणावळीचे मेंबर गावाला निघून गेले, काहींचे तीन तीन महिन्यांचे पैसे राहिले. आमच्या मावशीने कोणाच्या गावाला पत्र पाठवून मागितले नाहीत. वडील नंतर तीन वर्षांनी देऊन आले, तिने मोजले नाहीत म्हणे, आधी जेवायला वाढलं.

गोदाकाठ, लालबागला आलात तर क्षीरसागरला मटण खा, मसाला आमच्या इथल्या चवीचा आहे. आणि लाडू सम्राटला उभ्याने कोथिंबीर वडी. लालबाग परळमध्ये आता टॉवर झालेत, गिरण्यांच्या आवारात मोठी हॉटेलं झालीत. कमला मिलमध्ये बॉम्बे कँटीन आहे ते चांगलं आहे असं मुलगा म्हणतो, मला एकदा घेऊन गेला होता. जेवण खरंच चांगलं होतं. मी आपला छताकडे बघत होतो, गिरणीतले साचे (यंत्रं) कुठे असतील त्याचा अंदाज घेत.

माटुंग्याची_शुभा
लालबागकर, हे वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही. अजून लिहा हो.

दादरकर_जुना
माझे काका असेच, पण डोंबाऱ्यासारखे दर सहा महिन्यांनी खाणावळ बदलायचे. कारण विचारलं तर म्हणायचे भाकरी जाड करते. तुमच्या लिहिण्यावरून आता कळतंय की काका खाडे चुकवत असणार.

कोकणी_मुसाफिर
छान चाललाय धागा. मी रत्नागिरीकडचा, आमचे पण सगळे चाकरमानी असेच आले, फरक एवढाच की आमचे जहाजावर नाहीतर गोदीत आणि जमातखान्यात उतरायचे. जमातखाना म्हणजे गावच्या जमातीची खोली, तुमच्या गाळ्यासारखीच.

तर भेंडी बाजार. लोक रमझानमध्ये मोहम्मद अली रोडला जातात, चेंगरतात, दहा गोष्टी खातात आणि परत वर्षभर फिरकत नाहीत. एकट्याने जायचं असेल तर रमझान सोडून या. नूर मोहम्मदी, १९२३ पासून. सकाळी नल्ली निहारी खायची, ती रात्रभर मंद आचेवर ठेवलेली असते. निहारी हा सकाळचा पदार्थ आहे, कष्टकऱ्यांचा, एक वाटी आणि दोन रोट्या की दुपारपर्यंत बघायला नको. वर आलं, हिरवी मिरची, लिंबू. नळीतला मगज काढायला ती ताटलीवर आपटावी लागते, लाजायचं नाही, आवाज झाला पाहिजे. भिंतीवर एम. एफ. हुसेन यांचं चित्र आहे, नल्ली खाता खाता हुसेन बघायला मिळेल असं दुसरं ठिकाण मला माहीत नाही. मेन्यूत चिकन संजू बाबा दिसेल, ते संजय दत्तने स्वतः दिलेल्या रेसिपीचं. मी खात नाही, पण मुलं तेच मागवतात.

बाईने एकटीने यावं का? माझी बहीण येते. मधल्या वेळी या, साडेअकराच्या सुमाराला, फॅमिलीची जागा विचारा, लगेच दाखवतात. लोक तुमच्याकडे बघणार नाहीत, ताटाकडे बघतील, चुकीचं मागवलंत तर सल्ला देतील. त्यानंतर ताज आईस्क्रीम, १८८७ चं, अजून संचात हाताने फिरवून करतात. सीताफळाचं असेल तर तेच. आजूबाजूच्या जुन्या बिल्डिंगी पुनर्विकासात पडल्यात आणि टॉवर उभे राहतायत, मला दर वेळी वळण शोधावं लागतं, शेवटी मी कोणाला तरी विचारतो आणि तो विचारलेला माणूस पण नवीनच निघतो.

गोदाकाठ
हे खूप छान सांगितलंत. नॉनव्हेज चालतं लिहिलं खरं पण घरी फक्त अंडी आणि मासे होते, नल्लीचं धाडस करायला थोडा वेळ द्या.

नाखवा
मासे म्हणालीस म्हणून आलो. दादरला सिंधुदुर्ग आहे, गोमांतक आहे, ताट मागव, एकट्याला ताटासारखं सुख नाही. तळलेला तुकडा, वाटी कालवण, चपाती नाहीतर भाकरी, भात, सोलकढी. बोंबील मिळाले तर घ्यायचे, कुरकुरीत आणि आत लोण्यासारखे, ते घरी नेऊन खायची वस्तू नाही, रस्त्यातच मऊ पडतात. बांद्रा पूर्वेला हायवे गोमांतक, रांग असते पण एकट्याची रांग छोटी. फोर्टला मंगळुरी पाहिजे असेल तर महेश लंच होम. तृष्णाचा बटर गार्लिक खेकडा मात्र एकटीने मागवू नकोस, एक तर खिसा जातो आणि दुसरं खेकडा खाताना समोर कोणीतरी हसणारं लागतं.

आणि एक. कोळंबी कोळीवाडा बघून आमचा पदार्थ समजू नका. आमच्या घरात असलं लाल पीठ लावून कोणी तळत नाही. तो सायन कोळीवाड्याचा, फाळणीनंतर तिथे पंजाबी निर्वासित वसवले, त्यांच्या हॉटेलांतून आला. नाव आमचं, बेसन त्यांचं. चविष्ट आहे, नाही म्हणत नाही, दोन प्लेट खातो.

झणझणीत
फाळणीवरून आठवलं, चेंबूर कॅम्पात सिंध्यांचं विग रेस्टॉरंट, सकाळी दाल पकवान. आणि झामाचे गुलाबजाम. ती पण छावणीच होती मुळात.

माटुंग्याची_शुभा
काळबादेवीचं ठाकर भोजनालय राहिलं. १९४५ चं. कापड बाजारात काम करणाऱ्या, घर सोडून आलेल्या गुजराती माणसांसाठी भोजनालयं निघाली होती, त्यांना वीशी म्हणायचे, तो भाग अशा वीशींनी भरलेला होता. ठाकर आता एसी झालंय, थाळी भारी असते. एकटीने गेलीस तर एक त्रास आहे, वाढणाऱ्या चौघांचं सगळं लक्ष तुझ्याकडेच. फुलका संपायच्या आत दुसरा. मी हात जोडून उठले होते.

बंड्या
मी काही माहितीचं लिहितो आता, नुसती टिंगल नको. वडापाव. सगळ्यात जास्त एकट्याने खाल्ला जाणारा पदार्थ. १९६६ साली अशोक वैद्य यांनी दादर स्टेशनबाहेर सुरू केला असं सांगतात. टेबल नको, खुर्ची नको, समोरचा माणूस नको, अर्धं लक्ष इंडिकेटरवर. मी आयुष्यात कधी बसून वडापाव खाल्लेला नाही. एकदा एका हॉटेलात प्लेटमध्ये काटाचमच्यासोबत आला तर वड्याला पण अवघडल्यासारखं झालं होतं.

दादरकर_जुना
पहिल्यांदा बरं लिहिलंस.

विदर्भाची_पोर
मला वेगळं म्हणायचंय. सगळे जुन्या जागांचं कौतुक करताय पण त्या एकट्या *पुरुषांसाठी* होत्या ना? गाळा पुरुषांचा, कुड पुरुषांचा, बोर्डिंग पुरुषांचं. बाई होती ती रांधणारी. मी २००९ ला आले तेव्हा एका खाणावळीत (गिरगावात, आता बंद आहे) मला आत यायला नाही म्हणाले नाहीत पण पूर्ण जेवण होईपर्यंत तिथे एक शांतता होती. गोदाकाठला "कोणी बघत नाही" सांगताय ते आत्ताचं आहे.

लालबागकर
बरोबर आहे. आमच्या मावशीला मी कधी जेवताना बघितलेलं नाही. आज विचार करतोय, ती कधी जेवायची? दोन पाळ्यांच्या मधे, एकटीच.

माटुंग्याची_शुभा
अगदी मान्य. माझ्या सासूबाई समोरच राहत असून कधी रामा नायकला गेल्या नव्हत्या, "ते पुरुषांचं" म्हणायच्या. मी एकदा दुपारी ओढून नेलं. पान संपवून म्हणाल्या, वाढून मिळतं तेव्हा मीठ बरोबर आहे की नाही तेवढंच बघायचं असतं, छान आहे. मग दर शुक्रवारी एकट्या जायला लागल्या, मला नको म्हणाल्या.

गोदाकाठ
अपडेट देते.

१. रामा नायकला गेले. सोमवारी. हो, माहितीये, शुभाताईंनी लिहिलं होतं. बंद शटर बघून किंग्ज सर्कलला कॅफे मद्रासला गेले तर तेही सोमवारी बंद. राम आश्रय उघडं होतं, तिथे अननसाचा शिरा आणि उपमा खाल्ला. शिऱ्यासाठी पुन्हा जाणार.

२. मंगळवारी रामा नायकला पुन्हा गेले. खळगा केला तरी रसम फुटून आलं, ओढणी वाचली, मोबाईल नाही वाचला. समोर एक आजोबा होते, पूर्ण वेळ एक शब्द नाही, शेवटी मी ताक प्यायला पेला उचलला तर म्हणाले, "थोडा भातात घ्या आधी." एवढंच. मग हात धुवायला गेले. इतकं छान वाटलं की काय सांगू.

३. कयानी. पावणेपाच ते सहा बसले. समोर आधी एक वकील, मग कॉलेजची दोघं, मग एक बाई माझ्यासारखी एकटी, तिने पण पुस्तक काढलं. टेबल एकदाच पुसलं.

४. आस्वादची मिसळ खाल्ली. गोड नाहीये. मिसळ पण नाहीये. पण छान आहे.

५. मॉलकडे परत जाणार नाही असं नाही, एसी असतो. पण आता "ओन्ली वन" विचारलं तर येस म्हणून खिडकीचं टेबल बोटाने दाखवते. काल मिळालं.

झणझणीत
४ नंबरचा निषेध आणि स्वागत.

कोकणी_मुसाफिर
नल्लीचं काय?

गोदाकाठ
पुढच्या महिन्यात. बहिणीचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करता का, त्यांच्यासोबत जाते.

दादरकर_जुना
मंडळी, एवढं बोलणं झालंय तर एक गटग (गेट-टुगेदर) करूया. एडिसनवाले सोडून मला आतापर्यंत अकरा नावं दिसतायत. रामा नायकलाच करू, शुभाताईंच्या हद्दीत.

माटुंग्याची_शुभा
करूया की, पण अकराजणांना एकत्र बसवतील असं समजू नका. जशी खुर्ची रिकामी होईल तसं एकेकाला आत घेतील. तुमचं पान इकडे, लालबागकरांचं त्या टोकाला.

बंड्या
म्हणजे गटग, पण प्रत्येकाने एकट्याने. मी येतोय.

लालबागकर
चालेल. जेवून ज्याने त्याने खाली उतरायचं, फुलवाल्यांपाशी भेटू. मी टोपी घालून येईन.

गोदाकाठ
सोमवार सोडून कधीही.